शेक सुरू होण्याआधी: तोंड, घसा आणि मानेच्या कॅन्सरच्या उपचारांची तयारी

दादाच्या जिभेच्या कडेची जखम कॅन्सरची निघाली, तेव्हा ऑपरेशनला अठरा दिवस होते. त्यातले पहिले आठ आम्ही रिपोर्टांच्या प्रती काढण्यात आणि नातेवाइकांचे फोन घेण्यात घालवले. नवव्या दिवशी एका सिस्टरनी जाता जाता विचारलं, "दात दाखवलेत का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ऑपरेशन जिभेचं, त्यात दातांचं काय?

दातांचं बरंच काही असतं, ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही. दादासोबत बाकावर बसून जे शिकलो ते इथे लिहितोय. ऑपरेशन आधी की शेक (म्हणजे रेडिएशन, किरणोपचार) आधी, केमो द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण आधीच्या दोन-तीन आठवड्यांत करायच्या काही गोष्टी घरच्यांच्याच हातात असतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी उपचार सुरू झाल्यावर करताच येत नाहीत. म्हणून ज्याची वेळ आधी निघून जाते ते आधी, असाच क्रम ठेवलाय.

१. आधी पुढच्या चार महिन्यांचं कॅलेंडर मांडा

एक वही घ्या. पहिल्या पानावर चालू असलेली सगळी औषधं, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं. दुसऱ्या पानावर प्रश्न. डॉक्टरांसमोर बसलं की अर्धे प्रश्न डोक्यातून जातात, आणि उत्तरं तर बाहेर येईपर्यंत टिकत नाहीत. डॉक्टरांची हरकत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा.

विचारायचं ते नेमकं विचारा. नक्की काय काढणार? तिथे काय भरणार, आणि ते शरीरातल्या कुठल्या भागातून घेणार? मानेतल्या गाठी (लसिकाग्रंथी, कॅन्सरची मूळ गाठ नव्हे) एका बाजूच्या काढणार की दोन्ही? श्वासासाठी गळ्याला भोक पाडणार का, आणि ते तात्पुरतं की कायमचं? खायची नळी किती दिवस? नंतर शेक लागणार हे आत्ताच दिसतंय का?

तोंडाच्या आतल्या कॅन्सरमध्ये बहुधा ऑपरेशन आधी होतं. घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये अवयव वाचवण्यासाठी अनेकदा थेट शेक आणि केमो देतात. घशाच्या काही गाठींमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी गाठ असेल तर बायोप्सीवर त्या विषाणूची खूण शोधणारी पी१६ ही तपासणी झाली का, ते विचारून ठेवा.

ऑपरेशननंतर शेक लागतीलच असं नाही. काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला की कडा स्वच्छ आहेत का, मानेतल्या गाठींत आजार पोचला होता का, त्या गाठींच्या वेष्टनाबाहेर पडला होता का, हे बघून ठरतं. लागणार असतील तर ते ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो. ती तारीख वहीत आजच मांडा. सहा आठवडे ऐकायला खूप वाटतात. टाके सुकणं, रिपोर्ट येणं, शेकांसाठीचा मास्क, प्लॅनिंग यांत ते कुठे जातात कळत नाही.

२. दात

शेकांनी लाळग्रंथी सुकतात. लाळ दातांची राखण करत असते. ती आटली की किडीला रान मोकळं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. शेक मिळालेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो, खालच्या जबड्याचा जास्त. अशा हाडातली दाढ पुढे कधी उपटली तर तो खड्डा भरून न येण्याचा धोका असतो. तसं झालं की हाड उघडं पडतं आणि कुजत जातं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. शेक संपून कित्येक वर्षं उलटल्यावरही ते होऊ शकतं.

म्हणून जे दात टिकायची खात्री नाही ते शेकाच्या आधीच काढतात, आणि जखम भरायला किमान १० ते १४ दिवस, जमलं तर तीन आठवडे देतात. इथेच घोळ होतो. शेक सुरू व्हायला चार दिवस असताना दातांकडे गेलात तर एक तर शेक पुढे जातील, नाहीतर किडकी दाढ तशीच राहील. दोन्ही वाईट.

आमच्या बाबतीत खालच्या दोन दाढा मुळापर्यंत किडलेल्या निघाल्या. दहा दिवसांवर ऑपरेशन. दातांच्या डॉक्टरांनी सर्जनना फोन केला आणि ठरलं, की त्याच भुलेत दोन्ही दाढा काढून टाकायच्या. वेगळी सुई नाही, वेगळी जखम नाही, आणि शेकांपर्यंत भरायला पाच आठवडे मोकळे. ऑपरेशन आधी असेल तर हा प्रश्न सर्जनना जरूर विचारा. आम्हाला तो सुचला नव्हता, सिस्टरनी डिवचलं म्हणून झालं.

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना गाठ कुठे आहे आणि शेक कुठल्या भागाला बसणार, हे लिहून न्या. सगळ्या तोंडाचा एक्स-रे, दातांवर साचलेला दगड काढणं, टोकदार कडा घासून गुळगुळीत करणं, आणि फ्लोराइडचे साचे बनवण्यासाठी मापं, एवढं एका-दोन फेऱ्यांत होतं. साचे म्हणजे दातांवर बसणाऱ्या पातळ प्लॅस्टिकच्या खोळी. त्यात फ्लोराइडची जेल भरून रोज काही मिनिटं लावायची. काही ठिकाणी त्याऐवजी ५००० पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून देतात. नेहमीच्या पेस्टमध्ये ते १००० ते १५०० च्या आसपास असतं. यातलं जे देतील ते जन्मभर चालवायचं. आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात दात काढायची वेळ आली तर खुर्चीत बसण्याआधी सांगायचं, "या जबड्याला शेक दिलेत."

३. तंबाखू आणि दारू: खरं सांगा

उपदेश करत नाही, रोग्याने तो भरपूर ऐकलेला असतो. पण "आता होऊन गेलंच आहे, सोडून काय उपयोग" हे वाक्य चुकीचं आहे. १९९३ साली कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेक चालू असताना सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोकांची गाठ पूर्ण विरघळली, न ओढणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांची. यंत्र तेच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्त कमी प्राणवायू वाहतं, आणि प्राणवायू कमी असलेल्या पेशी शेकाला दाद देत नाहीत. ऑपरेशनच्या जखमाही तंबाखूने उशिरा भरतात. गोळ्या, पॅच यांची मदत मागायला लाजू नका, आणि पॅच लावत असाल तर सर्जनना सांगा.

दारूचा आकडा सांगताना घरच्यांसमोर निम्मा सांगायची रीत आहे. भूलतज्ज्ञांना एकट्यात खरा आकडा सांगा. रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशनमुळे अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, हात थरथरतात, माणूस नळ्या उपटू लागतो. ताज्या टाक्यांवर आणि गळ्यातल्या नळीवर हे बेतू शकतं. आधी कळलं तर औषधाने टाळता येतं.

४. वजन, नळी, गिळणं

उपचारांत वजन उतरणार हे धरून चला. तयारी म्हणजे उतरायला लागण्याआधी थोडी पुंजी साठवणं. आहारतज्ज्ञ साधारणपणे दर किलो वजनामागे ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० ते २१०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. किडनीचा त्रास किंवा डायबिटीस असेल तर हिशोब बदलतो, तो त्यांच्याकडूनच करून घ्या. पाणीदार सूपने पोट भरतं, वजन भरत नाही. "साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" असा सल्ला फोनवर हमखास येतो. त्याने उपाशी फक्त रोगी राहतो.

नळीचं नाव काढलं की घरात रडारड होते. नळी दोन प्रकारची. नाकातून पोटात जाणारी, काही आठवड्यांसाठी. आणि पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवलेली, लांबच्या पल्ल्यासाठी. काही डॉक्टर ती आधीच बसवतात, काही गरज पडली तर. तुमच्या टीमची पद्धत काय ते आधी विचारा, म्हणजे ऐनवेळी "नळी घातली म्हणजे आता संपलं" असं वाटणार नाही. दादाने नळीला तीन दिवस विरोध केला आणि चौथ्या दिवशी कबूल केलं, की औषध गिळायची धास्ती गेल्यामुळे पहिल्यांदा झोप लागली. नळी असली तरी डॉक्टरांनी मनाई केली नसेल तोवर दिवसातून थोडं तोंडाने गिळत राहायचं. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत की आखडतात, आणि मग शेक संपले तरी नळी सुटत नाही.

म्हणून गिळण्याचे व्यायाम उपचारांआधीच शिकून घ्या. स्पीच थेरपिस्ट शिकवतात. नाव स्पीच असलं तरी गिळणं हे त्यांचंच खातं. जोर लावून गिळणं, जिभेचं टोक दातांत हलकं धरून नुसती लाळ गिळणं, पाठीवर झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाच्या बोटांकडे बघणं, असे साधे प्रकार असतात. घसा सोलवटलेला असताना नवीन व्यायाम शिकायची कुणाची मानसिकता नसते. ऑपरेशन झालं की मात्र थेरपिस्टनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत थांबायचं.

आणि तोंड किती उघडतं ते मोजा. आम्ही न्हाणीघराच्या आरशासमोर प्लॅस्टिकची पट्टी घेऊन उभे राहिलो. वरच्या पुढच्या दातापासून खालच्या दातापर्यंत ४४ मिलिमीटर. वहिनीने आकडा आणि तारीख स्केच पेनने आरशाच्या कोपऱ्यात लिहून टाकली. ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं तर जबडा आखडला असं धरतात. पट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांत बसतात का बघा. शेकांच्या पाचव्या आठवड्यात आकडा ३४ वर आला, तेव्हा तो डॉक्टरांना दाखवता आला आणि जबडा ताणायचे व्यायाम त्याच दिवशी वाढवले. "तोंड जरा कमी उघडतंय" एवढंच सांगितलं असतं तर कदाचित पुढच्या भेटीवर गेलं असतं.

५. ऑपरेशनच्या आधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कधी थांबवायच्या ते डॉक्टर सांगतील. हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. काढे, भुकट्या, तेलाच्या कॅप्सूल, सगळं यादीत घाला. काहींनी रक्त जास्त वाहतं. भुलेआधी घन पदार्थ सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद, हा सर्वसाधारण नियम. हॉस्पिटलने वेगळं सांगितलं तर तेच पाळा.

काढलेल्या भागाची पोकळी भरायला हाताच्या पुढच्या भागातली कातडी घेणार असतील तर बहुधा ज्या हाताने काम करत नाही तो हात निवडतात. त्या हाताच्या शिरा जपायच्या असतात. रक्त घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असेल असं धरू नका. दादाच्या डाव्या मनगटावर आम्ही मार्करने "सुई नको" लिहिलं होतं आणि ते दोनदा कामी आलं.

शुद्धीवर आल्यावरचं दृश्य घरच्यांना आधी सांगून ठेवा. चेहरा सुजलेला, नाकात नळी, मानेतून रक्ताळ पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, कदाचित गळ्याला भोक. पहिले एक-दोन दिवस सिस्टर दर तासाला येऊन भरलेल्या मांसाचा रंग आणि ऊब तपासतात, रात्रभर. ते काही बिघडलं म्हणून नसतं. तिथली रक्तवाहिनी तुंबली तर लवकर कळावं म्हणून असतं.

गळ्यातली नळी असेपर्यंत आवाज निघत नाही. पुसायची पाटी आणि दोन पेनं ठेवा. "दुखतंय", "कफ काढा", "उशी" हे शब्द आधीच मोठ्या अक्षरात लिहिलेला एक कागद त्याहून उपयोगी, कारण भुलेच्या गुंगीत लिहवत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: सुजलेला चेहरा फोन ओळखत नाही. चेहऱ्याने उघडणारं कुलूप असेल तर आकडी पासवर्ड लावा आणि तो घरात एकाला सांगा.

पूर्ण स्वरयंत्र काढणार असतील तर गोष्ट वेगळी. श्वास कायमचा मानेतल्या भोकातून, आणि आधीचा आवाज परत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायचा छोटा व्हॉल्व्ह, गळ्याला टेकवायचं कंप पावणारं यंत्र, किंवा अन्ननलिकेतून हवा सोडून बोलणं, असे तीन मार्ग आहेत. असं ऑपरेशन झालेल्या एखाद्या माणसाशी भेट घालून द्यायला डॉक्टरांना सांगा. त्याला बोलताना ऐकलं की भीतीला आकार येतो. आणि ऑपरेशनआधी आपल्या आवाजात चार वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. नंतर ऐकायची की नाही ते नंतर ठरवता येतं.

मानेच्या गाठी काढताना खांद्याची नस ताणली जाते. हात वर जात नाही म्हणून घाबरू नका, पण फिजिओथेरपी टाळूही नका.

६. मास्क

शेक रोज मिलिमीटरच्या हिशोबाने त्याच जागी पडायला हवेत म्हणून चेहरा आणि खांदे एका जाळीच्या साच्यात पक्के करतात. प्लॅस्टिकची सपाट जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर ताणून बसवतात. ऊन, ओल्या टॉवेलसारखी लागते, थोडं पाणी कानाकडे ओघळतं. पाच-दहा मिनिटांत गार होऊन कडक होते आणि तिथेच सीटी स्कॅन काढतात. भोकांतून श्वास नीट घेता येतो.

दाढी-मिशी असेल तर त्याच्या आधी उतरवा आणि पुढे तशीच ठेवा. केसांचा जाड अंबाडा नको. बंद जागेची भीती वाटत असेल तर त्या दिवशीच सांगा. डोळ्यांची जागा कापून देता येते, हलकं औषध देता येतं. शेकाच्या खोलीत माणूस एकटा असला तरी बाहेर कॅमेऱ्यात दिसतो, हात उचलला की थांबवतात. वजन फार उतरलं तर मास्क ढिला होतो आणि प्लॅनिंग पुन्हा करावं लागतं. चौथी पायरी इथे उपयोगी पडते.

७. शेकांचे आठवडे

ऑपरेशननंतर बहुधा ६० ते ६६ ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या मात्रेचं माप), ३० ते ३३ शेकांत. ऑपरेशनशिवाय ७० ग्रे, ३५ शेकांत. आठवड्यातून पाच दिवस. टेबलावर एकूण दहा-वीस मिनिटं, त्या वेळी काहीच जाणवत नाही. बाहेरून दिलेल्या शेकांनी माणूस किरणोत्सर्गी होत नाही, मुलांना मांडीवर घ्या.

पहिला आठवडा फसवा असतो. "हे तर काहीच नाही" असं दादा सगळ्यांना सांगत सुटला होता. दुसऱ्या आठवड्यात चव गेली, तिसऱ्यात तोंड आलं, लाळ दोऱ्यासारखी चिकट झाली, मानेची कातडी लाल-काळी पडली. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, रोज ताजं, दिवसातून सहा-आठ वेळा गुळण्या. गिळायचं नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. मानेवर ब्लेड नको, ऊन नको, घासणारी कॉलर नको. मलम तेच, जे टीम सांगेल.

दुखण्याचं औषध वेळेवर घ्या, दुखायला लागल्यावर नाही. मॉर्फिनला घाबरून लोक जेवण सोडतात, हा सौदा तोट्याचा आहे. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असेल तर सुरू होण्याआधी कानांची आणि किडनीची तपासणी, आणि कानात शिट्टी वाजू लागली तर लगेच सांगणं. पुढे मूल हवं असेल तर ते बोलणंही केमोच्या आधीच.

शेक चुकवू नका. साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या कॅन्सरपेशी झपाट्याने वाढायला बघतात, त्यामुळे मधली सुट्टी त्यांच्या पथ्यावर पडते. यंत्र बिघडलं किंवा सुट्टी आली तर बुडालेला शेक कसा भरून काढणार, हे विचारा.

१००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, मानेतून किंवा तोंडातून रक्त, श्वासाला आवाज, दिवसभर पाणी पोटात न जाणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं.

थायरॉइडची टीएसएच तपासणी शेकांआधी एकदा करून ठेवा. मानेला शेक बसले की ती ग्रंथी पुढे मंदावू शकते, आणि मग दर सहा ते बारा महिन्यांनी तपासावं लागतं. मुख्य उपचार शेकांचाच असेल तर गाठ गेली का हे बघायचा पेट-सीटी हा स्कॅन साधारण बारा आठवड्यांनी होतो. त्याआधी केला तर सुजेमुळे चुकीचं दिसू शकतं, तेव्हा घाई करू नका.

सोबतीला राहणाऱ्यांसाठी एक. मी माझी सगळी रजा ऑपरेशन आणि शेकांत संपवली आणि शेवटच्या शेकानंतर सोमवारी कामावर हजर झालो. तोंडाचे व्रण शेक संपल्यावरही आठ-पंधरा दिवस वाढतच जातात. तेव्हा रोज बघणारं हॉस्पिटलही नसतं. त्या दोन आठवड्यांत वहिनी एकटी होती. तेवढी रजा बाजूला काढून ठेवा.